ऋताची बॅटरीवाली गाडी

३ जानेवारी २०२४, बुधवार

श्यामरावजींनी ही डायरी दिली. टायर कंपनीची आहे, दर पानावर कोपऱ्यात टायर छापलेला. म्हणाले, "शालिग्राम, रोज चार ओळी लिहीत जा. हात वळंल. तुझी बिल्टी पाहून मले वाटते कोंबडी शाईत पाय बुडवून फिरून गेली." श्यामरावजी आमचे मुनीम. रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात राहतात, त्यांचे लोक भोसल्यांच्या राज्यापासून इकडचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं.

काय लिहायचं ते सांगितलं नाही.

मी सहावीतून शाळा सोडली. मग पुण्याला बेकरीत, सुरतला कापडाच्या गठ्ठ्यांवर, हैदराबादला लिफ्ट बसवणाऱ्यांच्या हाताखाली. कुठंच वर्ष पुरं झालं नाही. भांडण कोणाशी नाही. एक दिवस सकाळी उठून वाटते, झालं आता इथलं. रायपूरला मात्र चौदा महिने झाले. भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहे. आधी हमालांवर देखरेख होती, आता बिल्टी लिहितो, म्हणजे कोणता माल कुठून कुठं चालला त्याचा कागद. गावी, दारव्ह्याजवळ खैरगावला, आई, बायको कौमुदी आणि पोरगी ऋता. ऋता साडेपाच वर्षांची.

आज एवढंच. बोट दुखलं.

९ जानेवारी, मंगळवार

गोदामाचा माल नेणाऱ्या भैय्यालालच्या टेम्पोतून नव्या रायपूरला एका ऑफिसच्या खुर्च्या पोचवल्या. तिथले रस्ते असे की त्यावर पंगत बसवावी, आणि माणसं शोधावी लागतात. खुर्च्या उतरवून झाडाखाली डबा खाऊन राहिलो होतो तर एक पोट्टी समोरून गेली. उभी. पायाखाली एक पट्टी, खाली चाकं, हातात दांडा. अंगठ्यानं बटण दाबलं की गाडी आपोआप पुढं. बाप मागं चालत फोनवर बोलत होता. पोट्टी वळून वळून त्याच्याकडं पाहून हसायची.

भैय्यालालला विचारलं हे काय. तो म्हणाला, "बैटरी वाला स्कूटर हे, लइका मन के।" लइका मन म्हणजे लेकरं.

दिवाळीचं लिहून टाकतो. दिवाळीला गावी गेलो तर ऋता कोठीच्या मागं जाऊन बसली. चार दिवस तिथूनच पाहायची. मी सुरतला होतो तेव्हा ती चालायला लागली, हैदराबादला होतो तेव्हा बोलायला. पाचव्या दिवशी मी अंगणात दात घासत होतो तर आत तिनं कौमुदीला विचारलं, "हे पाहुणे कधी जातीन?" कौमुदी म्हणाली, "हळू बोल." मी चूळ भरली आणि पिशवी भरायला घेतली. गाडी तशीही दुपारचीच होती.

अशी गाडी नेली तर ती कोठीमागून निघन. निघालीच पाहिजे.

१४ जानेवारी, रविवार

तात्यापाऱ्यात श्यामरावजींचा पुतण्या शिशिर याचं सायकलचं दुकान आहे. त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देतो. मी म्हणालो, पोरीसाठी बॅटरीची गाडी पाहिजे. त्यानं चार काढून दाखवल्या. एक तीन चाकांची, पुढं दोन, मागं एक, जमिनीला लागून. एक दोन चाकांची. एक बसायच्या सीटवाली. एक मोठी, फुगवायच्या टायरची.

"हाइट कितनी है भैया बच्ची की?"

मी हात कमरेजवळ धरला. मग थोडा वर घेतला. मग थोडा खाली.

"ये तो चार साल की भी हुई, आठ साल की भी," तो म्हणाला. "नाप के बताओ। दांडा उसके पेट के ऊपर आना चाहिए, छाती के नीचे।"

दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं होती. मी चाकं फिरवून पाहिल्यासारखं केलं आणि निघालो.

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत

कौमुदीला फोन केला. ऋताला उभी करून व्हिडिओत दाखव म्हटलं तर ऋता पळाली, नुसता परकर दिसला.

"माप पाठव तिचं," मी म्हणालो.

"टेप नाही घरी. सुतळीनं घेतो." मग म्हणाली, "पण अहो, थे गाडी इथं चालन कुठी? आपल्या गल्लीत बैलगाडी फसते."

"मोठ्या चाकाची पाहतो."

"तुमच्या तिकडं जागा हाये का, लेकरायले फिरवाले?"

मी सांगितलं, गोदामाची फरशी आरशासारखी आहे, रविवारी पूर्ण रिकामं, शंभर पावलं लांब. तर तिनं विचारलं, नळ आत आहे का बाहेर, आणि जवळ शाळा आहे का. बायकांचं असंच, गाडीवरून नळावर येतात. मी म्हटलं, नळ बाहेर आहे, आम्ही सहा जण एका खोलीत, आम्हाला शाळा कशाला लागते.

२५ जानेवारी, गुरुवार

यवतमाळहून सरकीच्या पोत्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं कौमुदीचा डबा आणला. तिळाचे लाडू, त्यात सुतळीची गुंडाळी. एका टोकापासून गाठीपर्यंत ऋता.

सुतळीचं टोक पायाखाली दाबून गाठ अंगाला लावली. माझ्या छातीपर्यंत आली. साडेपाच वर्षांत. श्यामरावजींना दाखवलं. ते म्हणाले, "बापरे, तुझी पोट्टी तर ताडाचं झाड होऊन राहिली." मी म्हटलं, आमच्याकडं आजोबा उंच होते. लाडू सगळ्यांना वाटले. सुतळी खिशात ठेवली आहे, दिवसातून दोनदा तरी काढून पाहतो.

२८ जानेवारी, रविवार

शिशिरनं तीन चाकांची गाडी एक दिवसासाठी पाहायला दिली. गोदामात चालवली. एक लाथ मारायची, गाडी सरकली की बटण दाबायचं, मग पळते. मागच्या चाकावर पाय दाबला की थांबते. माझं वजन तिला झेपत नव्हतं, रडल्यासारखी चालली. मग भैय्यालाल चढला. मग श्यामरावजींनी धोतर खोचलं. साठीचा माणूस, चष्मा कपाळावर, सिमेंटच्या थप्पीपर्यंत गेला आणि थांबायचं विसरला. थप्पीनं थांबवलं.

कपडे झटकत म्हणाले, "शालिग्राम, गाडी एक नंबर आहे. पण तुझ्या गावात असा फर्श कुठून आणशील?"

हेच कौमुदी म्हणाली होती. म्हणजे चाक मोठंच पाहिजे. सुतळीही तेच सांगते.

४ फेब्रुवारी, रविवार

शिशिरशी वाजलं. मी म्हटलं, ती फुगवायच्या टायरची दे. त्यानं खोक्यावरचं दाखवलं, बारा वर्षांच्या वर. मी सुतळी काढली. त्यानं ती भिंतीवरच्या पट्टीला लावली आणि म्हणाला, "ये तो साढ़े सात साल की हाइट है। तब भी बारह की नहीं हुई।"

"वाढत्या अंगाचं घेऊन राहिलो. पोरं काय एवढीच राहतात? आम्ही चपलासुद्धा दोन बोटं मोठ्या घेतो."

"फ्रॉक ढीला हो तो बच्ची गिरती नहीं है भैया," तो म्हणाला. "ये चालीस किलो वाले बच्चे की गाड़ी है। उठा के देखो।"

उचलली. पोत्यासारखी होती. तरी म्हटलं, तुला विकायची आहे का नाही. तो म्हणाला, "आपको नहीं।" आणि खरंच कपडा टाकून ती झाकून ठेवली. असा दुकानदार मी सुरतेतही पाहिला नाही. चिडून पायीच फाफाडीह चौकापर्यंत आलो, मग ऑटो घेतला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आईला फोन केला होता, शिशिरची तक्रार सांगायला. म्हटलं, सुतळी दाखवली तरी देत नाही.

आई म्हणाली, "त्याले सांग, अजून वाढन ते. मी चार बोटं वाढवूनच गाठ मारली ना."

"तू वाढवली?"

"मंग? लेकराचं माप का बरोब्बर घेत असते का? नजर लागते, अन् कपडा बी आखूड होते."

मागून कौमुदीचा आवाज आला, "आई, तुम्ही बी वाढवली? मी चार बोटं वर धरूनच तुम्हाले खूण दाखवली होती."

दोघी तिकडं हसायला लागल्या. मी इकडं गोदामात सुतळी धरून उभा. गाठीच्या खाली आठ बोटं मोजून अंगठा लावला. तो माझ्या पोटाशी आला. दोघींनी मिळून पोरगी दोन वर्षांनी मोठी करून पाठवली होती.

त्यांचं काय चुकलं. फ्रॉकचं माप असंच पाठवतात. मला पटलं कसं, ते समजत नाही. भैय्यालालला विचारलं, तुझी पोरगी किती उंच. त्यानं विचार न करता हात मांडीच्या वर धरला, म्हणाला, "अतका।" हात हलला नाही त्याचा.

त्या मोठ्या गाडीवर ऋता पडली असती. दात गेले असते. शिशिरकडं जाऊन त्याला चहा पाजला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अभिनवचा फोन, सुरतेचा जोडीदार. तो विशाखापट्टणमला बंदरावर आहे. म्हणतो, एप्रिलात ये, क्रेनवर जागा आहे, रोज समुद्र दिसते. मी समुद्र एकदाच पाहिला, तोही बसमधून. दिवसभर बिल्टीवर चुका झाल्या. एका बिल्टीवर अभनपूरच्या जागी समुद्रपूर लिहिलं.

योग असा की आजच शेठजींनी बोलावलं. गोदामामागं चौकीदाराचं घर होतं, दोन खोल्या, तो बिलासपूरला गेला. म्हणाले, "दो-तीन साल टिकोगे तो तुम ले लो। ऐसे लड़के को नहीं दूंगा जो होली के बाद दिखे ही नहीं।" मी म्हटलं, विचार करून सांगतो. दोन-तीन वर्षं.

कौमुदीला यातलं काही सांगितलं नाही. ठरलं नाही तर सांगायचं काय.

१८ फेब्रुवारी, रविवार

श्यामरावजींच्या घरी जेवायला होतो. त्यांच्या बायको मीराताईंनी पोळ्या वाढता वाढता विचारलं, "पोरीची गाडी झाली का घेऊन?"

मी म्हटलं, छोटी घ्यावी तर गावात चालत नाही. मोठी घ्यावी तर पोरगी पडते. मधली शिशिरकडं नाही. त्यामुळं अडलं.

श्यामरावजी ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "तू दीड महिन्यापासून गाडी बदलून राहिला. गाव काहून बदलून पाहत नाही?"

मला वाटलं विशाखापट्टणमचं त्यांना समजलं. पण मीराताई म्हणाल्या, "अरे, गाडी तिकडे नेऊ नको. पोट्टीला इकडे आण. आठ दिवस तुझ्या गोदामात चालवू दे."

हे मला सुचलं नव्हतं. आठ दिवसांसाठी शेठजी ती मागची खोली देतीलच. गाडीचा प्रश्न मिटला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

कौमुदीला सांगितलं, होळीच्या आधी आठ दिवस ये, ऋताला घेऊन. आईलाही विचारलं तर ती म्हणाली, मले इथं म्हशीपाशी राहू दे, तुम्ही तिघं राहा. कौमुदीनं कुठी, कशी, काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "बरं. येतो." मग विचारलं, तिथं गॅस आहे का चूल. मी म्हटलं, आठ दिवसांचं काय, डबा आणू. ती म्हणाली, "गॅस हाये का नाही एवढं सांगा."

२ मार्च, शनिवार

गाडी घेतली. तीन चाकांची, छोटी, पिवळी. शिशिरनं दांडा सुतळीच्या खऱ्या मापावर बसवून दिला, स्क्रू घट्ट केला, आणि वर घंटी लावली, तिचं काही घेतलं नाही. म्हणाला, "सबसे धीरे पे रखी है। बढ़ाना मत, अपने मन से।"

चार्जर रोज लावून पाहतो. लाल दिवा, मग हिरवा.

१६ मार्च, शनिवार

दोघी आल्या. शेठजींनी मागची खोली आठ दिवसांसाठी दिली आहे. स्टेशनवर घ्यायला गेलो. आठ दिवसांसाठी कौमुदीनं काय काय आणलं. तवा, पोळपाट, लाटणं, तुरीची डाळ, गोधड्या तीन, ऋताच्या लसींचं कार्ड, आधार, अंगणवाडीचा दाखला, आणि भिंतीवरचं देवीचं चित्र कागदात गुंडाळून. भैय्यालाल टेम्पो घेऊन आला होता म्हणून बरं. म्हणाला, "आठ दिन बर अतेक?" म्हणजे आठ दिवसांसाठी एवढं? मी म्हटलं, बायका जास्तच भरतात.

ऋता उंचीनं बरोबर माझ्या अंगठ्याएवढी, म्हणजे सुतळीवर धरला होता तेवढी. पूर्ण रस्ता आईच्या पदरात. माझ्याकडं एकदा पाहिलं, मी पाहिलं तर तोंड फिरवलं.

१७ मार्च, रविवार

गोदाम झाडून घेतलं. गाडी मधोमध ठेवली. घंटी वाजवून दाखवली, बटण दाबून दाखवलं, स्वतः एक फेरी मारली. ऋता शटरपाशी कौमुदीचा हात धरून उभी. पुढं आली नाही. मी म्हटलं, ये ना, तुझीच हाये. ती आईच्या मागं गेली.

कौमुदी म्हणाली, "राहू द्या. गाडी काय पळून चालली का?"

दुपारी कौमुदीनं चूल सारवावी तशी खोलीतली फरशी घासली. खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला. मी वैतागलो होतो. अभिनवचा फोन आला, पंचवीस तारखेपर्यंत सांग म्हणाला.

२० मार्च, बुधवार

आज ऋता बोलली. जेवायच्या सुट्टीत मी घरी आलो तर ती दारात बसून म्हणाली, "थे म्हातारे बाबा पडले होते का गाडीवरून?" श्यामरावजींचं कौमुदीनं सांगितलं असन. मी म्हटलं, हो, सिमेंटवर आपटले. तिनं विचारलं, रडले का? मी म्हटलं, नाही, धोतर झटकलं. मी झटकून दाखवलं. ती हसली, मग तोंडावर हात ठेवला. बिल्टीला अर्धा तास उशीर झाला.

कौमुदी कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन आली म्हणे. सहज.

२४ मार्च, रविवार

आठ दिवस काल झाले. कौमुदी परत जायचं काढत नाही. मी म्हटलं, तिकीट? ती म्हणाली, "होळी होऊ द्या. मंग पाहू." मीही फार ताणलं नाही. खोली आता खोलीसारखी दिसते. शेठजींनी विचारलं, क्या सोचा, तर म्हटलं, होळीनंतर. त्यांनी पडदा पाहिला आणि हसले.

सकाळी गोदाम रिकामं होतं. ऋता आपणहून गाडीपाशी गेली. मी लांबच थांबलो. तिनं पट्टीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायानं रेटलं, बटण दाबलं, गाडी दोन हात पुढं गेली. ती उतरली. मला वाटलं घाबरली. तिनं बटणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही ढकला."

ढकलली. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी हात घालून, वाकून. ती मधे उभी. सिमेंटच्या थप्पीपर्यंत, तिथून पत्र्यांपर्यंत, तिथून शटरपर्यंत. "तिकडं." "आता तिकडं." "जोरानं." एकदा घंटी मीच वाजवली तर म्हणाली, तुम्ही नका वाजवू, तुम्ही ढकला. किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. माझी पाठ मोडली. तिच्या केसाला खोबरेल तेलाचा वास, सगळा वेळ नाकापाशी.

मधे फोन वाजला. अभिनव होता. दम लागलेला, बोलता आलं नाही, ऋता म्हणाली चला, म्हणून कापला. नंतर करायचा राहिला.

पण मला एक समजत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली, हिरवा दिवा होता. बटण मी चार वेळा तपासलं, चांगलं आहे. शिशिरला फोन करून विचारलं की गाडीत काही खराबी आहे का, पोट्टी बटण दाबत नाही. मग चालवते कशी, त्यानं विचारलं. मी ढकलतो म्हटलं तर म्हणाला, "नहीं भैया, गाड़ी बिलकुल ठीक है।" आणि ठेवून दिला. एवढी पारखून घेतलेली गाडी. ढकलायचीच होती तर साधी चालली असती.

दुपारी भैय्यालाल आपल्या पोरीला घेऊन आला तेव्हा मी पुन्हा ढकलतच होतो. त्याची पोरगी ऋताहून थोडी मोठी आहे. तिनं गाडीला चक्कर मारून पाहिली आणि हिंदीत विचारलं, इसका बटन किधर है. ऋताला हिंदी येत नाही, पण समजलं.

"याले बटन लागत नाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "याले हे लागते."

मी म्हटलं, अवं, बटण आहे ना, हे बघ, इथं. आणि दाखवायला दांड्यावरचा हात काढला. तिनं माझा हात धरून परत दांड्यावर ठेवला.